पांढरी चारच्या खाली

लातुरात माझ्याकडे गाणं शिकायला येणारी माणसं दोन प्रकारची. पहिल्या प्रकाराला गाता येत नसतं आणि ते त्यांना ठाऊक असतं. ही पोरंपोरी गुमान शिकतात, परीक्षा देतात आणि पुण्याला निघून जातात. दुसऱ्या प्रकाराला बऱ्यापैकी गाता येतं, फक्त वरच्या सुराला गाडी अडते. त्याचा दोष मग गळा सोडून बाकी सगळ्यांना मिळतो. हवेला, धुळीला, सासुरवाडीच्या लोणच्याला, आणि नळाला आलंच तर लातूरच्या पाण्याला. माझा सगळा संताप या दुसऱ्या प्रकारावर खर्च होतो. जीवही त्यांच्यावरच जास्त आहे, पण ते मी त्यांना सांगत नाही.

चाकूरच्या पलीकडच्या एका गावचे आमचे शिष्य या दुसऱ्या प्रकाराचा अर्क होते. वय पंचेचाळीसच्या पुढे, घरची सोयाबीन-तुरीची शेती, दारात ट्रॅक्टर, गोठ्यात म्हशी. मिशा अशा की पहिल्या दिवशी जिना चढून आले तेव्हा मला वाटलं, खालच्या खताच्या दुकानाचं गिऱ्हाईक चुकून वर आलंय. माझा वर्ग त्या दुकानाच्या माडीवर आहे, असं अधूनमधून होतं. मी त्यांना युरिया खाली मिळतो म्हणून सांगितलं. त्यांनी दाराशी चपला काढल्या, हात जोडले आणि म्हणाले, "न्हाई ओ बाई, गळ्याचं काम हाय."

काम असं होतं. त्यांच्या गावात मारुतीच्या देवळात पिढ्यान्‌पिढ्या भजन चालतं आणि पुढे बसून चाल सांगायचा मान त्यांच्या घराकडे. त्यांच्या वडिलांनी, ज्यांना सगळा गाव आबा म्हणतो, हा मान उभा जन्म सांभाळला. आबांचा वरचा सूर वेशीबाहेरच्या मळ्यापर्यंत ऐकू जायचा म्हणतात. आमच्या मराठवाड्यात म्हाताऱ्यांच्या गोष्टी सांगता सांगता वाढत जातात, त्यामुळे मी मळा जरा अलीकडे धरते. पुढे आबांना दम्यानं गाठलं, ते खांबाला टेकून बसायला लागले आणि पुढची जागा मुलाकडे आली. जागा आली, सूर आला नाही.

त्यात त्या गावाला एक खोड होती. गावाची पट्टी ठरलेली होती, पांढरी चार. म्हणजे पेटीवरच्या चौथ्या पांढऱ्या पट्टीवर षड्ज धरायचा आणि तिथून वर चढायचं. पुरुषाच्या गळ्याला हे प्रकरण उंच पडतं, एखाद्यालाच झेपतं. पण गावाला त्याचं भलतंच भूषण. शेजारचं गाव त्याहून खालच्या काळी एकमध्ये गातं म्हणून हे लोक त्यांना आजाऱ्यांचं गाव म्हणायचे. शिवाय गावात पेटी वाजवणारे एकच, आमच्या शिष्यांचे चुलते, आणि त्यांना पांढरी चार सोडून दुसरीकडून वाजवताच यायचं नाही. बोटांना तेवढी एकच वाट माहीत. तेव्हा गाव परंपरेला धरून होतं की चुलत्यांच्या बोटांना, हा प्रश्न कुणी काढत नसे.

भजन संपलं की मंडळी आबांकडे बघायची आणि कुणीतरी विचारायचं, आबा, जमलं का? मुलगा पुढे बसायला लागल्यापासून आबांचं उत्तर एकच होतं. न्हाई. एवढं बोलून ते काठी घेऊन घराकडे निघायचे. आता देवळाला नवा सभामंडप होत होता, त्याच्या उद्घाटनाला पंचक्रोशीतली भजनी मंडळं यायची होती. गावानं ठरवलं होतं की तोवर जमलं नाही तर पुढची जागा चुलत्यांच्या घरजावयाला द्यायची. जावई औशाचे, मोबाइलवर संगीत लावून त्यावर गाणारे. आमच्या शिष्यांनी मग मागे झांजा घेऊन बसायचं. हे सांगताना एवढा मोठा माणूस माझ्या चटईच्या काड्या उपसायला लागला. मला त्यांच्यासाठी वाईट वाटलं, थोडं चटईसाठीही वाटलं. माझा नंबर कुणी दिला म्हणून विचारलं तर म्हणाले, बायकोनं कुठूनतरी आणला.

मी म्हटलं, गाऊन दाखवा. गायले. खालचे सूर भरदार, ऐकत राहावेत असे. मधलं सप्तक संपत आलं तशी लक्षणं सुरू झाली. आधी हनुवटी वर आली. मग खांदे कानांच्या भेटीला निघाले. मानेच्या शिरा फुगल्या, डोळे मोठे झाले, आणि वरच्या षड्जाला तर ते बैठकीतून अर्धे उठलेच, माळ्यावरचा डबा काढायला टाचा वर कराव्यात तसे. सूर चेंगरून कसाबसा बाहेर पडला. खालच्या दुकानदारानं जिन्यातून हाक मारून विचारलं की बाई, वर सगळं ठीक हाय ना.

गळा आवळणं हा काही जगावेगळा रोग नाही. वरचा सूर आला की माणसाला वाटतं, आता जोर लावायचाय. आणि जोर लावायचा म्हटलं की पोतं उचलताना आपण श्वास कोंडून गळा बंद करतो, तसाच तो बंद होतो. ज्यानं जन्मभर पोती उचलली त्याचा तर अधिकच. उपायही ठरलेला आहे. पट्टी खाली आणायची, सोप्या उंचीवर गळ्याला मोकळं राहायची सवय लावायची, मग एकेक घर वर सरकायचं. मी म्हटलं, आपण काळी दोनपासून सुरू करू. शिष्यांनी अतिशय नम्रपणे हात जोडले.

"बाई, तुमी म्हणाल ते करतो," ते म्हणाले. "पण पांढरी चारच्या खाली मी बसणार न्हाई. आबाला कळलं तर उंबऱ्याच्या आत घेणार न्हाई."

मी समजावलं, रागावले, शेवटी म्हटलं की मग शिकायला कशाला आलात, आबांकडेच शिका. त्यावर त्यांचा पुन्हा चटईकडे हात गेला तसं मी चटईच्या भल्यासाठी माघार घेतली.

मग पांढरी चारमध्येच राहून जे करता येईल ते सुरू झालं. जांभई येते तेव्हा गळा आतून मोकळा होतो, म्हणून मी त्यांना जांभई देत सूर लावायला सांगितलं. हा उपाय शहरातल्या माणसासाठी आहे. शेतातल्या मोटारीला लाईट रात्रीची, त्यामुळे हा माणूस रात्रभर पाणी देऊन सकाळच्या एसटीनं आलेला. दुसऱ्या जांभईला त्यांनी भिंतीला डोकं टेकवलं आणि पुढचा वर्गभर झोपले. जागे झाल्यावर म्हणाले, लई मोकळं वाटून राहिलं बाई.

मग मी ओठ सैल सोडून फुर्र करत वरखाली जायला शिकवलं, त्यानं जबडा ढिला पडतो. हे मात्र त्यांना फार आवडलं, कारण ट्रॅक्टर सुरू होतो तसा आवाज येतो. इतकं आवडलं की चाकूर ते लातूर सबंध रस्ता एसटीत त्यांचा सराव चालायचा. शेजारची बाई जागा बदलून पुढे गेली, कंडक्टरनं दवाखान्याजवळ उतरायचंय का म्हणून विचारलं. घरी मोठ्यानं गायची चोरी, कारण ओसरीवर आबा. म्हणून रियाज गोठ्यात. एक दिवस त्यांच्या बायकोचा फोन आला. तिचं म्हणणं एवढंच होतं की तुम्ही ह्यांना शिकवा नाहीतर शिकवू नका, पण म्हशीपुढं गाऊ नका म्हणून सांगा, म्हैस पान्हा चोरायला लागली आहे.

गावातून सल्ले तर येतच होते. ज्येष्ठमध, मिरे घातलेलं तूप, कुळथाचं कढण. सगळं पोटात जात होतं आणि गळा जिथल्या तिथे. मला रात्री अंथरुणावर त्यांची हनुवटी दिसायला लागली. उद्घाटन जवळ येत चाललं होतं. ते विचारत नसत, पण दर खेपेला जाताना चपला घालायला जरा जास्तच वेळ लावत.

त्या पावसाळ्यात लातुरात डोळे येण्याची साथ आली. एका सकाळी शिष्य काळा गॉगल लावून जिन्यात उभे. मी म्हटलं, घरी जा. म्हणाले, इतक्या लांबून आलोय. मी त्यांना खोलीच्या त्या टोकाला खिडकीशी बसवलं, स्वतः या टोकाला पेटी घेऊन बसले आणि तोंडावर पदर धरला. डोळे सुजलेले, वरून गॉगल, त्यांना माझं बोट कुठं आहे ते दिसायचा प्रश्नच नव्हता. आजारी माणसाची दया आली म्हणा किंवा माझा स्वतःचाच कंटाळा म्हणा, मी न बोलता काळी दोन धरली. पांढरी चारपेक्षा दोन घरं खाली.

ते गायले. वरच्या षड्जाशी आले, थोडी हनुवटी हलली, आणि सूर सरळ निघून गेला. त्याच्याही वर गेले. खांदे जागेवर, बैठक जागेवर. खोली भरून गेली. मी पदर तोंडावरून काढला तेव्हा कळलं की मी तोंड उघडं टाकून बसले होते. त्यांनी गॉगल सावरत मला सांगितलं की हे डोळ्यात घालायचं औषध गळ्यालाही लागू पडतंय असं दिसतं.

मला तेव्हा पक्कं समजलं की या माणसाला गळा आहे, ताकद आहे, फक्त पांढरी चारवर माझं बोट दिसलं की तो मनातल्या मनात पोतं उचलायला वाकतो. खालून सुरू करून त्याला चढवत न्यायला पाहिजे, आणि खाली यायला तो तयार नाही. म्हणजे बोट पांढरी चारवरच दिसलं पाहिजे आणि वाजली पाहिजे काळी दोन. असं करणारी वस्तू जगात आहे. तिला स्केल चेंजर पेटी म्हणतात. तिचा सगळा पट्ट्यांचा पट्टा एक खुंटी उचलून डावीउजवीकडे सरकवता येतो. बोट तिथेच, सूर दुसरा. अशी एक पेटी माझ्या माहेरी नांदेडला माळ्यावर पडून होती, लग्नाआधीची.

पुढच्या रविवारी मी नांदेडला गेले. भावजयीनं पेटी काढून दिली, वर बसलेली धूळ आणि एक झुरळ यांच्यासकट. खुंटी गंजून एका जागी बसलेली. जुन्या नांदेडात पेटी-तबल्याची दुरुस्ती करणारं एक घराणं आहे, आजोबांपासून तोच धंदा. तिथल्या चाचांनी पेटी उघडली, खुंटीत तेल सोडलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मी उगाच सांगायला लागले की अशीच, कधी लागली तर असावी म्हणून.

"बाई, शरमू नका," चाचा म्हणाले. "हिकडच्या कितीतरी देवळाच्या पेट्या म्या उतरवल्यात. माणसाचं वय चढतंय, पट्टी उतरवावी लागतीया."

पेटी लातूरला आली. मी खुंटी उचलून पट्टा दोन घरं सरकवला आणि त्या बाजूवर भरतकामाचा रुमाल टाकला. विद्यार्थ्याला फसवणं गुरूला शोभत नाही, हे मलाही कळतं. पण गुरूचं ऐकणं विद्यार्थ्याला शोभतं, ते तरी कुठे चाललं होतं? शिष्य आले, नवी पेटी बघून खूश झाले. मी त्यांना दिसेल असं ठळकपणे पांढरी चारवर बोट ठेवलं.

पहिल्या दिवशी सवयीनं सगळं झालं. हनुवटी आली, खांदे आले, बैठक सुटली, आणि वर जाऊन बघतात तर तिथं एवढी ताकद लावायला काही नव्हतंच. भरलेलं समजून रिकामं पोतं उचललं की माणूस मागे धडपडतो, तसे ते गडबडले. पुन्हा गायले. पुन्हा तेच. महिनाभरात हनुवटी खाली बसली. खांदे आपल्या जागी राहायला शिकले. शिरा दिसेनाशा झाल्या. मी डोळे मिटून ऐकायला लागले. श्रेय कुणाचं? ज्येष्ठमधाचं. त्यांनी गावातल्या चार जणांना ज्येष्ठमध सांगितला आणि माझ्यासाठीही पुडी आणली. ती पुडी मी त्यांच्या डोक्यावर आपटली असती, पण त्यांचा गळा त्या वेळी फार सुंदर लागला होता.

उद्घाटनाच्या आदल्या आठवड्यात मला आठवलं, पट्टा हळूहळू वर सरकवायचं राहूनच गेलं होतं. गावातली पेटी तर खऱ्या पांढरी चारची असणार. त्या पेटीवर दोन घरं वर गेलं की गडी पुन्हा बैठकीतून उठणार. मी फोन करून सांगितलं, मंडप मोठा आहे, माझ्या पेटीचा आवाज मोठा आहे, मी पेटी घेऊन येते. गावाला वाटलं, लातूरच्या बाई स्वतःची पेटी घेऊन येतात म्हणजे मोठाच मान. मला आणायला जीप पाठवली. पेटी मी मांडीवर घेतली, मागे ठेवू दिली नाही.

सकाळची वेळ. मंडपाला रंगाचा वास, पताका, बाहेर कढईत बुंदी. चुलत्यांनी माझ्या पेटीवर हात फिरवला आणि रुमाल काढायला गेले, तसा मी तो देवाचा आहे म्हणून सांगितलं. ते पाया पडले. त्यांची बोटं बरोबर आपल्या ओळखीच्या वाटेवर जाऊन बसली. मग पखवाजवाल्यानं सुराशी पखवाज मिळवायला घेतला. तो हातोडी मारतो, ऐकतो, पुन्हा मारतो. पखवाज घरून मिळवून आणलेला, आणि इथं तो खाली खाली उतरवावा लागतोय. कपाळाला घाम. अखेर त्यानं हातोडी थांबवून सगळ्यांदेखत विचारलं की हे असं काय होऊन राहिलंय. मी म्हटलं, नव्या सिमेंटची ओल असते, सूर धरते. का सुचलं कुणास ठाऊक. मंडळींना ते लगेच पटलं आणि बोलणं ठेकेदारावर गेलं, त्यानं सिमेंटमध्ये काय काय मिसळलं असेल यावर. मी देवाला हात जोडले, रुमालातल्या नव्हे, समोरच्या.

आबा नव्या खांबाला टेकून बसले होते. वाळकं शरीर, पांढरा पटका, डोळे मिटलेले. चुलत्यांनी पेटीचा पहिला सूर धरला आणि आबांचे डोळे उघडले. त्यांनी पेटीकडे बघितलं नाही, मुलाकडेही नाही. माझ्याकडे बघितलं. मला कळलं की म्हाताऱ्याला कळलंय.

पुढे बसलेल्या मुलाला यातलं काही माहीत नव्हतं. त्यानं वीणेला हात लावून नमस्कार केला आणि अभंग धरला. पहिलं चरण खालीच होतं. मी आबांच्या तोंडाकडे बघत होते, हा माणूस आता हात वर करून थांबवणार, सगळ्यांसमोर सांगणार की ही आपली पट्टी नव्हे, आणि पुढे बसलेला हा मिशाळ माणूस जन्मात पुन्हा तोंड उघडणार नाही. आबांनी डोळे पुन्हा मिटले. दुसऱ्या चरणाला चाल वर चढली. आमचे शिष्य त्या षड्जावर गेले आणि तिथंच राहिले, आरामात, ओसरीवर बसावं तसे. तिथून आणखी वर गेले. मागच्या झांजा दोन क्षण वाजायच्या राहिल्या. मला रडू आलं. मी एरवी विद्यार्थ्यांच्या कार्यक्रमात चुका मोजत बसते, त्या दिवशी एकही मोजली नाही.

भजन संपलं. शेजारच्या गावच्या लोकांनीही माना डोलावल्या. मग सगळे आबांकडे वळले. चुलत्यांनीच विचारलं, "आबा, जमलं का?"

आबांना श्वास घ्यायला वेळ लागला. तो वेळ मला फार जड गेला. मग त्यांनी मुलाकडे बघून सांगितलं, "जमलं."

मंडपात एकदम गलका झाला. औशाच्या जावयांनी सर्वांत आधी टाळ्या वाजवल्या, हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं. आमच्या शिष्यांनी मात्र वर बघितलं नाही. वीणेची खुंटी उगाच पिळत बसले, तार तुटेपर्यंत.

जेवणं झाली. निघताना मी आबांच्या पाया पडायला गेले. ओसरीवर ते एकटेच होते. मी वाकले तसं त्यांनी हळूच विचारलं, किती घरं उतरवली, दोन का? खोटं बोलायची माझी तयारी होती, पण त्या कानापुढे काय बोलणार? मी मान डोलावली.

"म्या एक उतरवली व्हती," आबा म्हणाले. "दम लागायला लागला तवा. नांदेडाला नेऊन. हा माझा भाऊ तवापासून तीच पेटी पांढरी चार म्हणून वाजवून राहिला."

मला हसू आवरेना. म्हणजे सगळा गाव इतकी वर्षं ज्या पट्टीवर मिशीला पीळ देत होता ती पांढरी चार नव्हतीच. ते हसू संपायच्या आत मला संताप आला. मी त्यांना सरळ विचारलं की स्वतः पट्टी उतरवून बसलात, आणि पोरगं त्या पट्टीपायी मरमर मरत होतं तेव्हा दर भजनाला त्याला नाही म्हणत होतात? मोठ्या माणसाशी मी जरा जास्तच आवाज चढवला होता. आबा रागावले नाहीत.

"म्या पट्टी कवाच बघत नव्हतो," ते म्हणाले. "गळा बघत व्हतो. दाबून म्हणायचा. ऐकताना माझाच दम कोंडायचा, बाई. आज न्हाई कोंडला."

मग हे त्याला सांगायला काय झालं होतं, असं मी विचारलं. ते काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवायला लागले. शेवटी म्हणाले की सांगता आलं असतं तर सुनेकरवी तुमचा नंबर कशाला हुडकला असता.

बाहेर आमचे शिष्य जीपशी उभे होते. मला आत वेळ लागलेला त्यांनी पाहिला होता. आबा काय म्हणाले म्हणून त्यांनी विचारलं, पण माझ्याकडे न बघता, टायरकडे बघत. पट्टीचं सगळं माझ्या ओठांवर आलं होतं, ते मी गिळलं. मी म्हटलं, "म्हणाले, आज गळा मोकळा होता. ऐकताना दम कोंडला नाही."

त्यांनी मान हलवली. पेटी जीपमध्ये मागच्या सीटवर ठेवली, दोरीनं बांधली, गाठ ओढून बघितली. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. तेव्हा ते माझ्या बाजूच्या खिडकीशी आले, काचेवर हात ठेवला आणि म्हणाले, "बाई, आबा काय म्हणले ते अजून एकदा सांगा."

मी ड्रायव्हरला गाडी बंद करायला सांगितली आणि आबांचं बोलणं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.